चांगले पेव्हर उखडून परत पेव्हरच, वर ४० लाखाची कमान. नगरपरिषदेला थांबवायचं कसं?

पेठेतला_रहिवासी:

नमस्कार मंडळी. आमचं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, क वर्ग नगरपरिषद, नाव मुद्दाम लिहीत नाही. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा आणि माहिती असेल तर नक्की सांगा.

बाजारपेठेपासून एसटी स्टँडपर्यंतच्या फूटपाथला पेव्हर ब्लॉक बसवून जेमतेम चार वर्षं झालीत. मी रोज सकाळी दूध आणायला त्याच्यावरूनच जातो, ड्रेनेजच्या दोन झाकणांपाशी खचलंय आणि सायकल दुकानासमोर सात-आठ ब्लॉक हलतात, पावसात पाय ठेवला की खालून पाणी उडतं, बाकी सगळा फूटपाथ ठणठणीत आहे. मागच्या आठवड्यात नगरपरिषदेचा माणूस टेप धरून मापं घेत होता, विचारलं तर म्हणाला हे सगळं उखडून नवीन रंगीत ब्लॉक बसणार, मंजूर झालंय. नंतर कळलं की त्याच यादीत गावाच्या वेशीवर स्वागत कमान आहे ४० लाखाची, आणि बागेत लाईटवालं कारंजं.

आणि आमच्याकडे नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, तेही पाऊण तास. वरच्या आळीत तर टाकी पूर्ण भरत नसल्यामुळे प्रेशरच नाही. माझी आई ७४ वर्षांची आहे, पाण्याची पाळी रात्री अडीचला असली की ती उठून बसते, आम्ही कितीही म्हणलं तू झोप आम्ही भरतो तरी तिला झोप लागत नाही, कारण एकदा पाळी चुकली की पुढचे चार दिवस हंडे मोजून वापरायचे. फिल्टर प्लांटवरचा एक पंप वर्षभर बंद आहे. दर वेळी विचारलं की एकच उत्तर, निधी नाही.

आम्ही पेठेतले अकरा जण मुख्याधिकाऱ्यांना भेटलो. माणूस बोलायला चांगला आहे, नीट ऐकून घेतलं. पण म्हणाले की हा पैसा शासनाच्या विशेष अनुदानाचा आहे, ज्या कामासाठी आलाय त्याच कामाला वापरावा लागतो, पाण्याला वळवता येत नाही, आणि मुदतीत खर्च केला नाही तर परत जाईल मग नुकसान गावाचंच. ह्याच्यावर आम्हाला काही बोलताच आलं नाही, गप उठून आलो.

आमच्या वॉर्डातला नगरसेवक मनाने आमच्या बाजूचा आहे पण एकटा पडतो म्हणून सभेत तोंड उघडत नाही. तर मला एवढंच विचारायचंय की हे "पैसा परत जाईल" खरं असतं का, आणि वर्क ऑर्डर निघायच्या आधी आमच्यासारख्या साध्या माणसांनी नेमकं काय करायचं, निवेदनं देऊन झालीत दोन.

---

हिशोबनीस_काका:

पेठकर, मी ३१ वर्षं वेगवेगळ्या नगरपरिषदांच्या लेखा विभागात काढली, आता रिटायर आहे. त्यामुळे ह्या वाक्याचा उगम मला चांगला माहिती आहे. "पैसा परत जाईल" हे अर्धं खरं असतं. हेड म्हणजे खर्चाचं खातं बदलता येत नाही हे खरं, वित्त आयोगाच्या पैशात सुद्धा बंधित आणि अबंधित असे दोन भाग असतात, बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच लावावा लागतो, तसंच विशेष अनुदानाचं. पण उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही. मुंबईतून कोणी फोन करून म्हणत नाही की तुमच्या गावात कमान बांधा. आधी नगरपरिषद ठराव करते, मग प्रस्ताव जातो, मग प्रशासकीय मान्यता येते. म्हणजे कमान मागितली कोणी तर तुमच्याच सभागृहाने. तेव्हा पहिला कागद मागायचा तो हा ठराव. तारीख बघा, सूचक कोण अनुमोदक कोण बघा. आणि कामात बदल मागता येतो, सभेने नवीन ठराव करून बदलाचा प्रस्ताव पाठवायचा, असे प्रस्ताव मी स्वतः टाईप करून पाठवलेत आणि मंजूर होऊन आलेले पण बघितलेत. वेळ लागतो, पाठपुरावा लागतो, म्हणून कोणाला नको असतं.

दुसरं, अनुदानाचं म्हणून फुकटचं असं काही नसतं. बऱ्याच योजनांत नगरपरिषदेचा स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. आणि कारंजं झालं की त्याचं लाईट बिल, मोटार जळली की रिवाइंडिंग, नोझल बदलणं, वॉचमन, हे सगळं नगरपरिषद फंडातून म्हणजे तुमच्या घरपट्टी पाणीपट्टीतून. पुढच्या सभेत कोणीतरी लेखी विचारा की दहा वर्षांचा देखभाल खर्च किती आणि तो कुठल्या हेडमधून. हा आकडा प्रस्तावात बहुतेक वेळा नसतोच.

आता मुख्य. निवेदनं बंद करा, माहिती अधिकार टाका. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्याला दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द ही मर्यादा आहे, तेव्हा फूटपाथ वेगळा, कमान वेगळी, कारंजं वेगळं. आणि "का केलं, कोण जबाबदार" असले प्रश्न लिहू नका, त्याला "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" म्हणून एका ओळीत वाटेला लावतात. कागदाचं नाव लिहून प्रत मागा. त्याहून चांगलं म्हणजे आधी फाईलची पाहणी मागा, पहिला तास फी नाही, फाईल समोर ठेवून घ्या, पाहिजे त्या पानांना खूण करा आणि तेवढ्याच प्रती घ्या दोन रुपये पानाने. ३० दिवसात उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवी केली तर प्रथम अपील, वीस रुपयाचा स्टॅम्प. पुढे राज्य माहिती आयोग, पण तिथे तारीख मिळायला फार उशीर लागतो त्यामुळे पहिल्या अपिलातच जोर लावा. ठेकेदाराची माहिती म्हणजे "तृतीय पक्ष" असं सांगून नाकारायला बघतील, नगरपरिषदेच्या पैशाने झालेल्या कामाचं अंदाजपत्रक आणि बिल ही कोणाची खाजगी माहिती नाही, तसं अपिलात लिहा.

आणि सगळ्यात महत्वाचं सांगतो, नव्या कामाची फाईल मागायच्या आधी जुन्या कामाची मागा. चार वर्षांपूर्वीच्या फूटपाथची. अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, शेवटचं बिल आणि दोष दायित्व कालावधी किती होता ते. तो कालावधी चालू असला तर खचलेली झाकणं आणि हलणारे ब्लॉक ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात, त्यासाठी अनामत रक्कम अडकवलेली असते. अनामत परत केली असेल तर कोणत्या दाखल्यावर केली तो दाखला मागा.

नव्या अंदाजपत्रकात एक गोष्ट बघाच. जुने ब्लॉक काढायचा खर्च लावलेला असतो. पण काढलेले ब्लॉक जातात कुठे? चांगले ब्लॉक असतील तर त्याची किंमत बिलातून वजा झाली पाहिजे किंवा ते मोजून नगरपरिषदेच्या स्टोअरला जमा झाले पाहिजेत. मी नोकरीत असताना एका गावात असेच ब्लॉक मलबा म्हणून ट्रॅक्टरने गेले आणि दोन महिन्यांनी एका लग्नाला गेलो तर मंगल कार्यालयाच्या अंगणात तेच, कडेला पिवळा पट्टा मारलेले, आमच्या चौकातले. मी ओळखले. ती फाईल माझ्याच टेबलावरून गेली होती आणि मी काही लिहिलं नव्हतं त्याच्यावर. ते मला अजून टोचतं, म्हणून एवढं लांब लिहितोय.

---

माणदेशी_पोरगा:

काकांनी सांगितलेलं बरोबर आहे पण एक बाजू मी पण सांगतो. गावात माहिती अधिकार टाकला की संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला तुमचं नाव कळतं. माझ्या मोठ्या भावाने रस्त्याच्या कामाचा टाकला होता, दुसऱ्या दिवशी दुकानात दोघं येऊन बसले, काही बोलले नाहीत, चहा घेतला आणि गेले. भावाने अपील केलंच नाही. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी २०१० च्या जानेवारीत सकाळी घराबाहेर मारले गेले, ते सगळ्यांना आठवतं. तेव्हा सल्ला देणाऱ्यांनी हे पण सांगा की लहान गावात माणसाने स्वतःला सांभाळायचं कसं.

---

माजी_नगरसेविका:

माणदेशी भाऊ, भीती खोटी नाहीये, मी त्यातून गेलेय. उपाय एकच सापडला आम्हाला, एकट्याच्या नावाने काही करायचं नाही. एकाच दिवशी सात-आठ जणांनी वेगवेगळे अर्ज टाकायचे, त्यात एक वकील, एक रिटायर शिक्षक, दोन तीन बायका. मग कोणावर डोळा ठेवायचा ते त्यांना समजत नाही. आणि जे टाकलंय ते लगेच गावाच्या ग्रुपवर उघड टाकायचं, लपवून ठेवलं तर धोका जास्त.

मी मराठवाड्यातल्या एका नगरपंचायतीत पाच वर्षं होते, पहिल्यांदाच निवडून आलेली, घरात कोणी राजकारणात नाही. पहिल्या सभेला विषयपत्रिकेवर ४३ विषय होते आणि सभा वीस मिनिटात संपली. कोणीतरी विषय वाचायचं, मागून मंजूर मंजूर असा आवाज यायचा, मी शेजारच्या ताईंना विचारलं हा विषय कशाचा होता तर त्या म्हणाल्या सही कर आधी, नंतर बघू. शेवटी "ऐनवेळचे विषय" म्हणून आणखी नऊ. त्या नऊतच सगळं असतं हे मला वर्षभराने कळलं.

आमच्याकडे एलईडी पथदिव्यांचा विषय आला होता. गावात दिवे बसवून दोन वर्षं झालेली, परत सगळे बदलायचे. मी आणि बचत गटातल्या तिघी रात्री जेवणं झाल्यावर निघालो आणि चार रात्री गावातले खांब मोजले. वहीत गल्लीनुसार रकाने केले, खांब, चालू, बंद, खांबच नाही. अंदाजपत्रकात जेवढे दिवे धरले होते तेवढे खांबच गावात नव्हते, स्मशानाकडच्या रस्त्याला तर त्यांनी चौदा दिवे दाखवलेले आणि तिथे पाच खांब. ती वही मी सभेत टेबलावर ठेवली. कोणी काही बोललं नाही, पण नंतर इतिवृत्त म्हणजे सभेची लेखी नोंद आली त्यात लिहिलेलं "सर्वानुमते मंजूर".

पेठकर दादा, तुमच्या नगरसेवकाला हे एवढं नक्की सांगा. सभेत तोंडी विरोध केला तर कागदावर तो नसतोच. विरोधाचं पत्र दोन प्रतीत न्यायचं, विषय क्रमांक घालून, कारण लिहून, सभा सुरू व्हायच्या आधी आवकला देऊन आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा. मग "सर्वानुमते" लिहिता येत नाही, "बहुमताने" लिहावं लागतं, आणि नसेल लिहिलं तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायचा विषय येतो तेव्हा हरकत घ्यायची. एवढा एक शब्द बदलला तरी पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना फार कामाला येतो.

जिल्हाधिकाऱ्यांकडे म्हणजे, नगरपरिषद अधिनियम १९६५ मध्ये कलम ३०८ आहे. ठराव बेकायदेशीर असेल किंवा लोकहिताच्या विरोधात असेल तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. महानगरपालिकेला हे लागू नाही, तिथे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली ठराव शासनाकडे पाठवतात विखंडित म्हणजे रद्द करायला. तुमची नगरपरिषद आहे म्हणून ३०८. अर्ज नगरपालिका प्रशासन शाखेत द्या, सोबत ठरावाची प्रत, तुमच्या नगरसेवकाचं शिक्क्याचं पत्र, फोटो, पाण्याच्या पाळीचं वेळापत्रक. नुसतं "भ्रष्टाचार झाला" लिहू नका, ते कोणी वाचत नाही. चार वर्षांपूर्वीचं काम चांगल्या स्थितीत आहे आणि त्यावर परत खर्च होतोय, हे इतकं साधं लिहा. आमच्या वहीच्या झेरॉक्स मी जोडल्या होत्या. तीन महिने हेलपाटे घातले, एकदा तर माझ्या मुलीचा दहावीचा पेपर होता त्या दिवशी सुनावणी लागली. शेवटी अहवाल मागवला, काम थांबलं, परत मोजणी झाली आणि फक्त बंद दिवे आणि नवीन वस्ती एवढंच धरून नवीन अंदाजपत्रक झालं.

आणि सभेला जाऊन बसा हो. सभा लोकांना बघता येते. दहा-बारा माणसं मागे शांत बसलेली दिसली ना की मंजूर मंजूरचा आवाज आपोआप कमी होतो, मी स्वतः अनुभवलंय.

---

कोथरूडकर:

ताईंनी खांब मोजले ते वाचून खरंच बरं वाटलं. मोठ्या शहरात सुद्धा हेच चालतं, फक्त शून्य जास्त असतात. पुण्यात नगरसेवकांच्या "स" यादीतून, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, दरवर्षी बाकडी, पिशव्या, बकेट, नामफलक, सुस्थितीतले फूटपाथ परत करणं हे सगळं व्हायचं, मार्च आला की वर्गीकरणाचे, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला वळवायचे, प्रस्ताव धडाधड मंजूर.

एक मोठं उदाहरण देतो म्हणजे कागद वाचणाऱ्यांचा उपयोग काय होतो ते कळेल. २०१७ च्या जूनमध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. मोठा गाजावाजा झाला. आणि त्याच योजनेच्या जलवाहिन्यांच्या निविदा अंदाजापेक्षा बऱ्याच चढ्या दराने आल्या. त्यावर नागरिक संघटनांनी आणि विरोधी नगरसेवकांनी आकडे घेऊन आवाज उठवला आणि निविदा रद्द करून परत काढाव्या लागल्या. पण तोपर्यंत कर्ज घेऊन झालेलं होतं, काम सुरू नाही आणि व्याज चालू. तेव्हा पुण्यातल्या सजग नागरिक मंच ह्या नागरिक संघटनेसारखी मंडळी हेच विचारत होती की कामाचा पत्ता नसताना कर्ज आधी का काढलं. हा प्रश्न कुठल्याही घरातल्या बाईने विचारला असता, सभागृहात मात्र फार थोड्यांनी विचारला.

मुंबईचं पण आहे. स्ट्रीट फर्निचर म्हणून बाक, कुंड्या, बोलार्ड (गाड्या अडवायचे छोटे खांब) असं १३ प्रकारचं सामान घ्यायचं २६३ कोटींचं कंत्राट होतं. २०२२ च्या मार्चपासून तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक. म्हणजे सभागृहात विचारणारं कोणी नाही. आमदारांनी पत्रं लिहिली, दरांवर आणि एकाच ठेकेदाराला सगळं का ह्याच्यावर बोट ठेवलं, बातम्या आल्या आणि २०२३ मध्ये महापालिकेला ते कंत्राट रद्द करावं लागलं. मला ह्यातून एवढंच दिसतं की ज्यांनी थांबवलं ते प्रत्येक वेळी दर, संख्या आणि तारीख हातात धरून बोलले होते.

अजून एक, पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कोणीही जाऊन फाईल बघायची सोय होती, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. २०१८ मध्ये राज्य सरकारने तसंच परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना सांगितलं होतं. तुमच्या नगरपरिषदेत जाऊन विचारा की पाहणीची सोय आहे का, नाही म्हणाले तर लेखी नाही द्या म्हणा. आणि पुण्यात २००६ पासून नागरिकांचा सहभाग अंदाजपत्रकात घेतात, लोक आपल्या प्रभागातली छोटी कामं फॉर्म भरून सुचवतात. सगळी होतात असं नाही. पण तुमच्या गावात अंदाजपत्रक व्हायच्या आधी पंपाचं काम लेखी सुचवून ठेवा, म्हणजे "कोणी मागणीच केली नव्हती" असं म्हणता येणार नाही.

---

साईटवरचा_इंजिनिअर:

डिप्लोमा सिव्हिल, अकरा वर्षं साईट सुपरवायझर आहे, ठेकेदाराकडेच काम करतो म्हणून नाव नको.

टेप घ्या आणि स्वतः फूटपाथ मोजा. लांबी एकदाच मोजून सोडू नका, दर वीस मीटरला रुंदी मोजून लिहा कारण दुकानांच्या पायऱ्या असतात तिथे फूटपाथ अरुंद होतो आणि एमबीत बहुतेक एकच रुंदी सगळीकडे धरलेली असते. झाडाचे आळे, डीपीचा चौथरा, झाकणं हे वजा होतं का बघा. ब्लॉकची जाडी हलणाऱ्या ठिकाणी दिसते, अंदाजपत्रकात ८० एमएम असेल आणि जागेवर ६० एमएम असेल तर तो फरक साधी फूटपट्टी लावून कळतो. खाली कच किती इंच पसरलीय ते पण बघा. झाकणांपाशी खचलंय म्हणताय ना, तिथे बहुतेक खालचं भराव दाबलेलं नसतं, त्यासाठी चारशे मीटर उखडायची काही गरज नाही, तेवढा दोन बाय दोनचा तुकडा काढून पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट करून परत तेच ब्लॉक बसवले की झालं, दोन माणसांचं दीड दिवसाचं काम.

पण एक लक्षात ठेवा, ब्लॉक स्वतः उपटू नका, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणून तुमच्यावरच उलटवतील. माहिती अधिकारात कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागता येतो, कायद्यातल्या व्याख्येतच आहे ते. संयुक्त पाहणी मागा, नगर अभियंता समोर असताना मोजा आणि तिथल्या तिथे पंचनाम्यावर सह्या घ्या. फोटो तारीख आणि लोकेशन येणाऱ्या ॲपने काढा.

---

पेठेतला_रहिवासी:

मंडळी, दोन महिने झाले, आधी सांगायला पाहिजे होतं पण धावपळ चालू होती.

ताईंनी सांगितलं तसं नऊ जणांनी अर्ज टाकले, त्यात आमच्या पेठेतल्या तीन वहिनी आणि हायस्कूलचे रिटायर हेडमास्तर. फूटपाथची जुनी फाईल बघायला आम्ही चौघं गेलो. क्लार्कने आधी सांगितलं फाईल सापडत नाही, मग हेडमास्तर म्हणाले बरं, सापडत नाही असं लिहून द्या, आम्ही थांबतो. ते खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसायला लागले. वीस मिनिटात फाईल आली. तो क्लार्क त्यांचाच विद्यार्थी निघाला, जाताना पाया पडला.

एमबीत लांबी ४१० मीटर, रुंदी सरसकट १.८ मीटर. म्हणजे ७३८ चौरस मीटरचं बिल निघालंय. आम्ही रविवारी पहाटे दुकानं उघडायच्या आत मोजलं, दर वीस मीटरला, लांबी बरोबर आहे पण रुंदी सरासरी १.२ च्या वर जात नाही. ४९२ चौरस मीटर झाले. मी तीन वेळा गुणाकार केला, मुलाकडून पण करून घेतला. २४६ चौरस मीटर जमिनीवर नाहीतच. आणि नव्या अंदाजपत्रकात परत तेच ४१० गुणिले १.८. नव्याने मोजलंच नाही कोणी, जुन्यावरून उतरवलंय. तो टेपवाला माणूस मग काय मोजत होता देव जाणे.

दोष दायित्व मात्र तीन वर्षांचं होतं आणि ते अकरा महिन्यांपूर्वी संपलंय, अनामत परत गेली. हे आधी कळलं असतं तर झाकणं फुकटात दुरुस्त झाली असती, ह्याचं फार वाईट वाटतंय. गावातल्या बाकीच्या चालू कामांची दायित्वाची तारीख आता वहिनी एका वहीत लिहून काढतायत.

आमच्या नगरसेवकाने पत्र दिलं, शिक्क्यासकट. हात थरथरत होता त्याचा पण दिलं. त्याच्यानंतर अजून दोघांनी सह्या केल्या ज्यांची आम्हाला अपेक्षा पण नव्हती. ३०८ खाली अर्ज गेला, जिल्हाधिकारी कार्यालयातून मुख्याधिकाऱ्यांना अहवाल मागितलाय आणि तोपर्यंत फूटपाथची वर्क ऑर्डर थांबलीय. कारंज्याच्या देखभालीचा आकडा लेखी विचारला होता त्याचं उत्तर अजून नाही.

कमान मात्र थांबली नाही. आम्ही अर्ज करेपर्यंत वर्क ऑर्डर निघून गेली होती, वेशीवर दोन्ही बाजूला खड्डे घेतलेत आणि सळई येऊन पडलीय. रोज तिथून जाताना पोटात तुटतं.

पंपाचा विषय सोमवारच्या सभेत आहे, विषय क्रमांक १७, ऐनवेळचा नाही, छापील पत्रिकेवर. आम्ही चौदा जण जाणार आहोत. आई पण येते म्हणतेय, जिना चढवेल का बघू.

हिशोबनीस काका, फूटपाथचं नवीन अंदाजपत्रक समोर आहे, अकरा पानं, जुने ब्लॉक काढायचा खर्च पान ३ वर दिसतोय पण तुम्ही म्हणालात ती वजावट कुठे शोधायची?

---

हिशोबनीस_काका:

शेवटच्या गोषवाऱ्याच्या पानावर बघा, एकूण बेरजेच्या खाली आणि जीएसटीच्या वर. "काढलेल्या साहित्याची किंमत वजा" किंवा नुसतं "क्रेडिट" असं लिहिलेलं असतं. तिथे ओळच नसेल तर त्या पानाची प्रमाणित प्रत आजच मागून ठेवा, सोमवारच्या आत. आणि सभेला जाताना एमबीची झेरॉक्स चौदाही जणांच्या हातात असू द्या. आईंना खालच्या मजल्यावर बसवू नका, वर न्या, मी असतो तर धरून नेलं असतं.